पाकीट क्रमांक सत्तेचाळीस

खरवंडीकरांच्या पाकिटावर निळ्या शाईत लिहिलंय:
'ग्रीक. कांस्य. मिलेटस. सिंह व सूर्य.
जुना बाजार, बुधवार, नऊ रुपये.'
खाली तारीख, आणि शेवटी
एक ठाम टिंब.

त्या टिंबाशी मी तासभर बसून आहे.

मी वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक.
मार्केट यार्डात तागड्या उलट्या करून
पारड्याखाली चिकटवलेली चिंच पकडली आहे मी,
मापाच्या आत लपलेलं माप.
म्हणून हेही आधी काट्यावर ठेवलं:
एक ग्रॅम, नव्वद.
पण काशाच्या चिल्लरीत वजन साक्ष देत नाही.
टाकसाळीत भराभर पाडलेले तुकडे,
एक जाड, एक पातळ,
ज्या दिवशी जसा हात.
सदतीस वर्षांची माझी नोकरी
अर्ध्या मिनिटात बिनकामाची.

मग खिडकीशी. नवी पेठेतलं तिरकं ऊन,
भिंगाखाली हिरवा गंज,
गंजात एक जनावर, पुढचं अर्धंच,
कमरेशी कापल्यासारखं संपलेलं.
भोवती किरण.
किरणांनाच आयाळ समजला का माझा मित्र?
मिलेटसच्या काशावरचा सिंह तर अख्खा असतो,
मान वळवून ताऱ्याकडे बघणारा.
हा सरळ समोर बघतोय.
अक्षरांतली उरलीय एक उभी रेघ.
नाणं जरासं कलतं केलं
की रेघेला टेकलेल्या दोन तंगड्या दिसतात
आणि ते 'क' होतं.

हेही त्यांनीच शिकवलेलं: आधी चित्र, मग अक्षर,
किंमत सगळ्यात शेवटी.
ते चुकलेले मी पाहिले नव्हते.
आता बघायला ते नाहीत.

"कुत्रा आहे तो,"
कप ठेवता ठेवता शरयूताई म्हणाल्या.
"कान बघा ना. एका दिवाळीत समईबरोबर
चिंच लावून घासायला घेतलं होतं मी ते,
एवढंसंच, डोक्याकडे.
ह्यांनी हातातून हिसकावलं.
आठ दिवस अबोला."

मी पाहिलं. डोक्याशी नखाएवढी जागा
उघडी, तपकिरी,
आणि तिथे कान. उभा, टोकदार.
आम्हा नाणेवाल्यांच्या लेखी तो डाग.
अख्ख्या नाण्यावर तेवढाच डाग
खरं बोलत होता.

केऑस नावाचं बेट.
ऐन उन्हाळ्यात पहाटे उगवणाऱ्या एका ताऱ्याची
तिथले लोक वाट बघत बसत.
धुरकट दिसला तर रोगराई,
लखलखीत दिसला तर वर्ष बरं.
त्या ताऱ्याला ते कुत्रा म्हणत,
आणि तोच कुत्रा मुठीत घेऊन
मासळी आणायला जात असतील.

आपला व्याध तो.
आपण ज्याला शिकारी म्हणतो
ते त्यांच्या शिकाऱ्याचं कुत्रं,
आपल्या मृगातून त्यांनी शिकारी काढला,
आपला बाण त्यांच्या कमरेचा पट्टा.
आकाशाच्या पाकिटावर दोन चिठ्ठ्या आहेत
आणि कुणीच कुणाला चूक म्हणत नाही.
नाण्याला ती सवलत नाही.
ते एकाच गावचं असतं.

"मग चिठ्ठी बदलू?"
"यादी विकण्यासाठी करताय ना, खरं तेच लिहा.
ह्यांची मात्र टाकू नका.
अक्षर चांगलं होतं त्यांचं."

पाकीट तेच ठेवलं. मागच्या बाजूला,
शिसपेन्सिलीने, उद्या कुणाला खोडता यावं म्हणून:
'केऑस. अर्धा कुत्रा, किरणांसह. १.९० ग्रॅम.
ओळख पटवली: शरयू खरवंडीकर, चिंच लावून'
टिंब दिलं नाही.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.
"चिंच तेवढी काढा," म्हणाल्या,
"गिऱ्हाईक पळेल."