पाळी

वही माझ्याकडे असते. संघाची.
निळ्या पुठ्ठ्याची, एक कोपरा उंदरानं खाल्लेला.
पहिल्या पानावर आठवड्याचे वीस रुपये,
सतरा बायका,
आणि भरमव्वाचा अंगठा
शेजारणीच्या सहीवर पसरलेला.

मळवीवाडीत सरकारी संडास सात होते.
चारांत शेणी, दोनांत कोंबड्या,
एकात खुद्द मष्णू गवंड्याचं बियाण्याचं भात.
"खाली चिरा लागला गे," तो म्हणायचा,
"दीड फुटावर पहार वाजायला लागली,
मी काय करू?"
बिल मात्र पाच फुटांचं.

तेव्हा आम्ही आपल्या काजूच्या रानात, अंधारात,
तिघी तिघी.
दूधगाडीची बत्ती वळणावर दिसली की उठायचं,
गाडी गेली की परत बसायचं.
अस्वलाची भीती वेगळी.
पण ते निदान हसायचं नाही.

यल्लव्वाची नात सातवीत गेली आणि
महिन्याचे चार दिवस शाळा नको म्हणू लागली,
तेव्हा म्हातारीनं बैठकीत
कनवटीची पुरचुंडी सोडली
आणि कानडीत काहीतरी बोलली.
मला निम्मं कळलं.
तेवढ्यावर ठराव लिहिला.

पंचायतीचा फॉर्मही कानडीतच.
नात वाचायची, मी खानेसुमारी सांगायचे,
भरमव्वा शिव्या द्यायची
दोन्ही भाषांत, ज्या त्या साहेबाला ज्या त्या.

खड्डे दोन. मोडक्या कौलभट्टीमागं, जिथं माती मऊ.
विहिरीपासून चाळीस पावलं, मीच मोजली,
मग परत उलटी मोजली.
सातेरी कुंभारानं मातीच्या रिंगा भाजून दिल्या,
बूड नसलेल्या रांजणासारख्या,
अंगभर भोकं पाडून.
रुद्राप्पा बडिगेरनं फणसाचं दार केलं.
आतून कडी.
ती मी पाचसहा वेळा लावून पाहिली,
काही काम नसताना.

मग पाटी आली.
कोरा पत्रा, पांढरा रंग मारलेला.
वर कुठली भाषा, खाली कुठली,
का एकच,
अक्षर केवढं.
ज्यांना रानात कधी तिघातिघांनी जावं लागलं नव्हतं
ते अकरा दिवस पारावर बोलले.
बाराव्या दिवशी पाण्याच्या टाकीत
बेडूक मरून फुगलेला मिळाला.
मी पत्रा उचलून टाकीवर झाकला,
वर दोन विटा.
अजून तिथंच आहे.

दीड वर्षात पहिला खड्डा भरला.
मष्णूनं वाट दुसऱ्याकडे वळवली.
दुसराही भरत आला,
तेव्हा पहिला उघडायची वेळ झाली.
आता त्यात नुसतं खत असतं म्हणे,
चहाच्या चोथ्यासारखं. म्हणे.
उपसायचा कुणी?

कुणी काही बोललं नाही.
माना मात्र वळल्या,
सगळ्या एकाच गल्लीकडे, खालच्या.
चांगुणा त्याच गल्लीतली.
पहिल्या दिवसापासून संघात,
एकदाही वीस रुपये न चुकवलेली.
ती पदराची दशी ओढत बसली होती.
दशी लांबत गेली.

वही माझ्याकडे होती.
भट्टीच्या टोकापासून, घरांच्या क्रमानं
पाळ्या लिहायला घेतल्या.
पहिलं घर माझं.
पेन चालेना, चपलेवर घासून घेतलं.
दोघी उठून गेल्या.
एक परत आली.

सोमवारी मी खोरं घेऊन उतरले.
काळी, भुसभुशीत. खरंच.
वास गोठ्यामागच्या मातीचा, तेवढाही नाही.
चांगुणा काठावर येऊन उभी राहिली,
बादली धरायला नाही,
नुसती बघत.
तिची पाळी चौदावी.

सगळं मिळून नऊ पाट्या निघाल्या,
मिरचीच्या वाफ्याला टाकल्या.
हे वहीत आहे.
घरी येऊन मी दोनदा अंघोळ केली.
हे नाही.