तुडूम

साकोलीहून आत, रस्ता तलावाला वळसा घालतो तिथे
खेमराज नाकाडेच्या दुकानात आम्ही चौघं बसलो.
फोन वार्निशच्या डब्याला टेकवलेला.

याच फोनसमोर तीन वर्षं, रात्री साडेआठला,
खेमराज जळक्या मोटरी उघडतो,
तांब्याच्या तारेचे वेढे मोठ्यानं मोजतो
आणि कुरखेड्यापासून देवरीपर्यंत
कुठल्या कुठल्या ओसरीवर
अकराशे माणसं त्याच्यासोबत मोजतात.
फुकट.

परवा पंचेचाळिसाव्या वेढ्याला रिचार्ज संपला.
अकराशे माणसं पंचेचाळीसवर थांबली.

वही माझ्याकडे. वाचून दाखवली.
खर्च: तार, वार्निश, कागद, वीजबिल, पुन्हा तार.
जमा: एकशे एक रुपये
आणि पाच किलो चिन्नोर, जो आम्ही खाल्ला.

पंपवाली कंपनी महिन्याला सहा हजार द्यायला तयार,
धड्याआधी फक्त त्यांचं नाव घ्यायचं.
खेमराज म्हणाला, सगळ्यात जास्त त्यांचीच मोटर जळते.

नागपूरच्या क्लासला आमचे नंबर हवे होते,
नंबरी चार रुपये.
सुगंधा मडावी म्हणाली, माझा नंबर मिळवायला
माझ्या नवऱ्याले दोन वर्षं लागली,
चार रुपयांत कोन देते?

मग देवाजी: दहा रुपये फी लावा, दहा त कोनीही देते.
देवरीची एक पोरगी आहे. नाव माहीत नाही.
बाप झोपला की बापाच्या फोनवर शिकते.
दहा रुपये मागितले
तर आधी बाप जागा होईल.

शिकणं फुकट, प्रमाणपत्र पन्नासला, असंही निघालं.
पण सही कोणाची? खेमराज नववी नापास.
तोच आधी हसला.

हगरू शेंडे पंखा न्यायला आला होता, बसून राहिला.
तलावाचा पाणकर. त्याला कोणी विचारलं नव्हतं.
म्हणाला, पानी त तलावाचं, त्याचं मी काही घेत नाही.
पन तुडूम उघडाले रातच्या दोनले मी जातो,
त्या जाण्याचं धान घेतो.
तेही पिकल्यावर. खळ्यावर.
ज्याचं पिकलं त्यानं द्यावं.

आणि नाही दिलं तर?

तर त्याच्या बांधावरून जाताना
मी जरा खोकलतो.

पंखा काखेत मारून तो निघून गेला.
आम्ही बराच वेळ नावं आठवत बसलो:
आपल्याकडे शिकून कोणाकोणाचं दुकान चाललं,
कोणाचं पिकलं.
सतरा निघाली. अठराव्यावर भांडण झालं.

रिचार्ज सुगंधानं मारला, उधार लिहून ठेव म्हणाली.
आज साडेआठला खेमराजनं विचारलं, कुठं होतो आपण?
सेहेचाळीस, म्हणाले ओसऱ्यांमधले आवाज,
एक अगदी कुजबुजता.

मी वहीत नवं पान काढलं, वर लिहिलं: खळं.
खाली अजून काही नाही.
धडा संपता संपता, फोन चालू असतानाच,
एकदा खोकलून पाहिलं.