गस्त शांत

नोव्हेंबरात दरसाल
बँकेत येऊन सांगावं लागतं, मी जिवंत आहे.
यंदा रांगेत माझ्यामागं पिराजी.
त्याला कुठली पेन्शन, पासबुक छापायला आलता.
"इरबा," म्हणाला, "तू हाईस अजून?"
"तेच सिद्ध करायलोय," म्हणालो.

टोकन एकशे चौदा. चालू होतं एकाहत्तर.
पायरीवर बसलो, कागदी कपात दोन घोट चहा,
आणि बोलता बोलता गाडीपुऱ्यातली शाळा निघाली.
चिद्रवार गुरुजी, गळके पत्रे,
लिंबाला तारेनं टांगलेला रुळाचा तुकडा.
तो वाजवायचा मान ज्याचं अक्षर चांगलं त्याला,
म्हणजे मला कधीच नाही.
पिराजीला रोज.
पिराजीचा ळ तर गुरुजी फळ्यावरून
आठवडा आठवडा पुसू द्यायचे नाहीत.

मी भरती झालो बहात्तरला.
खाकी हाफ पँट, निळी टोपी, पिंढऱ्यांना पट्ट्या.
माय हसली होती,
"चौथीतलीच चड्डी दिली की रे सरकारनं."
हवालदार निजामाच्या वेळचा.
रोजनामचा मनात उर्दूत लिहायचा, वहीत मराठीत,
म्हणून त्याच्या नोंदी
शेवटाकडून सुरू झाल्यासारख्या वाटायच्या.
पहिल्या रात्री त्यानं शिकवलं :
चोर तुला दिसायच्या आधी तू चोराला दिस.
बूट वाजव.
दोघांचंही काम वाचतं.

त्या साली घरोघर सुकडी,
नळाला पाणी आलं तर सण.
इतवाऱ्यात गस्तीवर होतो, दीड वाजला असेल.
सायकल हातात धरून पिराजी चालला होता,
कॅरिअरवर पोतं, पोत्यातून बाहेर आलेलं लोखंडाचं टोक.
ते टोक मला पाठ होतं.
शिट्टी ओठांत होती.
श्वास आत गेला, बाहेर आला नाही.
बूट न वाजवता उभा राहिलो.
पहाटे वहीत लिहिलं : गस्त शांत.

सकाळी गुरुजी ठाण्यात.
"मग आज शाळा भरली कशी?" हवालदारानं विचारलं.
"परात बडवून," गुरुजी म्हणाले.
पंचनामा माझ्याकडं आला, आयुष्यातला पहिला.
लिंबाखाली, गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून लिहिला :
तुटलेली तार, अंदाजे वजन, अज्ञात इसमाने.
सही करण्याआधी गुरुजींनी वाचला,
माझ्याकडं पाहिलं, रिकाम्या फांदीकडं पाहिलं,
'कीलो'ची वेलांटी ऱ्हस्व केली
आणि खाली सही.
"अक्षर सुधारलं तुझं."
एवढंच.

हे मी कुणाला बोललो नव्हतो, बायकोलाही नाही.
पिराजी कप चुरगाळत राहिला.
"मला दिसलतास तू. टोपीवर खांबाचा उजेड पडलता.
वाटलं आता वाजवशील, आता वाजवशील.
नाही वाजवलीस.
लई राग आला बघ तुझा."

"कितीला गेला?" मी विचारलं. जीभ पोलिसाचीच.
"जातो कुठं? दुकानात हाय.
ऐरण हाय माझी. पन्नास वर्षं त्याच्यावरच
कोयते ठोकतो, सायकलीच्या रिमा ठोकतो."

जुन्या मोंढ्याच्या वळणावर त्याचं दुकान.
तिथंच माझा पॉइंट होता, कितीतरी वर्षं.
उभ्या उन्हात, भर ड्युटीत,
मला उगीच सुटल्यासारखं वाटायचं.
वाटायचं, उन्हानं होत असेल.

एकशे चौदा.
यंत्राला माझा अंगठा पटेना.
किती जणांचे घेतले मी, शाई लावून, लोळवून,
रेघ न् रेघ उमटेपर्यंत.
"काका, पुन्हा ठेवा," पोरगी म्हणाली.
"पुन्हा. दाबून."
मागची रांग पुढं सरकायला लागली.
पिराजी आला, माझा हात धरला,
अंगठ्यावर थुंकी लावली
आणि सदऱ्याच्या बाहीनं पुसला,
पाटी पुसायचा तसा.