हातचा

माझं काम वजाबाकीचं.
तिसरा मजला, धुक्याकडची खिडकी,
खाली दगडगोट्यांवर वाळत घातलेलं कोंबू,
समुद्राच्या वेण्या सोडून ठेवल्यासारखं.
टेबलावर वर्षभराचे कागद:
आमच्या भूशिरावरचं कोण
कुठल्या रुग्णालयात किती रात्री निजलं.

शंभर जण आजारी पडले
तर टेकडीवरच्या आमच्या चार मजली इमारतीत किती निभावले,
एवढंच सप्पोरोला कळवायचं.
बरे झाले का, ते विचारत नाहीत.
गेल्या साली चोपन्न.
उरलेले सेहेचाळीस खिंडीपलीकडे, शहरात,
चौऱ्याण्णव किलोमीटर,
बर्फाचं फाटक उघडं असेल तर.

हाडांचे डॉक्टर विमानाने येतात, गुरुवारी.
इथले म्हातारे हसून म्हणतात,
पडायचं तर बुधवारी रात्री पडावं.
हृदयाचं मशीन आहे, नवं कोरं,
चालवणारा गेला एप्रिलमध्ये.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून,
असं मी अहवालात लिहीत नाही,
अहवालात लिहिते: मनुष्यबळ, प्रयत्न सुरू.

बाळंतपणाची खोली बंद होऊन नऊ वर्षं झाली.
आता तिथे चाकाच्या खुर्च्या आणि बर्फाची फावडी.
कागदोपत्री या भूशिरावर
नऊ वर्षांत कुणी जन्मलेलंच नाही.
तरी पहिलीच्या वर्गात अकरा पोरं आहेत
आणि अकराही जण भयंकर ओरडतात.
मिनोरी दिवस भरायच्या तीन आठवडे आधीच
शहरात भाड्याच्या खोलीत जाऊन राहिली.
थोरली दोन वर्षांची, इथे, आजीकडे,
फोनच्या काचेला गाल लावून झोपायची.
मी मिनोरीच्या नावापुढे लिहिलं: बाहेर, एक.

यंदा आकडा आला एकसष्ट.
साहेबांनी केक आणला, वर एक स्ट्रॉबेरी,
ती मला दिली.
सात टक्के! एका वर्षात!
मी घरी जाऊन पुन्हा मांडलं.
डॉक्टर वाढले नव्हते. खाट एकही नाही.

जिन्पेई कमी झाला होता.
आठवड्यातून तीनदा रक्त धुवायला
खिंड ओलांडणारा जिन्पेई,
पहाटे चारच्या गाडीत पुढच्या सीटवर,
मांडीवर भाताचे दोन गोळे.
मार्चमध्ये त्याने होडी विकली, मुलीकडे गेला,
पत्ता बदलून घेतला.
आता तो शहराचा रहिवासी,
शहरातच उपचार घेतो,
शहराचा आकडाही सुधारला असेल त्याच्यामुळे.
तसेच सुगावारा नवराबायको.
तशीच टपालातली युकिए, छातीत गाठ असलेली.
ज्यांना आम्ही पुरे पडलो नाही
ते आमचे राहिले नाहीत,
आणि आम्ही पुरे पडू लागलो.

गणित बरोबर आहे.
मी तीनदा तपासलं.

एका कागदाचं मात्र काही जमत नाही.
फेब्रुवारी, रात्रीचे दोन, फाटक बंद,
रुग्णवाहिकेतच मुलगा झाला,
फाटकाच्या पिवळ्या दिव्याखाली.
आत नाही, बाहेर नाही.
संगणक कागद परत करतो: ठिकाण भरा.
आईबापांनी नाव ठेवलं मिचिया.
मिची म्हणजे रस्ता.

आमच्या शाळेत बेरजेला बसलं की
बाई म्हणायच्या, हातचा विसरू नका,
तो पुढच्या घरात मिळवायचा असतो.
पुढचं घर कुठलं, मला सापडलेलं नाही.
कागद ड्रॉवरमध्ये आहे,
साहेबांना ठाऊक नाही.
एकसष्ट खाली सही करून पाठवलं,
आणि हातचा एक.