सरावातला बाप

धंतोलीच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
कूलरमधून वाळ्याचा वास आणि मधूनच शिंतोडे येणाऱ्या खोलीत
आम्ही अकरा जण शिकतोय
विचारायचं कसं.

तसं बरंच शिकून झालं.
मूत्रपिंड बर्फात किती तास तग धरतं, हृदय किती कमी,
चार डॉक्टरांच्या सह्या,
सहा तासांनी पुन्हा तीच चाचणी:
नळी बाजूला करून बघायचं, श्वास आपणहून येतो का.
यादीत कोण आधी, ते आपण ठरवत नाही.
सगळं वहीत आहे, निळ्या शाईत.

उईके मॅडम म्हणतात, वही मिटा.
खुर्च्या समोरासमोर नकोत, जरा तिरप्या ठेवा.
रुमालांचा डबा त्यांच्या हाताशी, तुमच्या नाही.
'बॉडी' म्हणायचं नाही, नाव घ्यायचं. नाव माहीत नसेल
तर दारातूनच परत फिरा.
आणि 'मृत्यू' हा शब्द गिळू नका.
तुम्ही गिळलात की तो त्यांच्या घशात अडकतो.

आज निखाडे भाऊ बाप झालेत.
चिठ्ठीवर लिहिलंय: वय बावन्न, मुलगा प्रज्वल, एकोणीस,
वर्धा रोड, हेल्मेट हँडललाच.
तीनदा नाही म्हणायचं, चौथ्यांदा विचारात पडायचं.
भाऊंनी बावीस वर्षं अँब्युलन्स चालवली,
कामठीपासून मेडिकलपर्यंतचा प्रत्येक खड्डा त्यांना पाठ.

'काका, प्रज्वलचा मेंदू कायमचा थांबलाय.
तो वारला आहे.'
ते चिठ्ठीकडे बघतात. नाही म्हणत नाहीत.
'छाती तं हालून राहिली ना, बाई.'
ती यंत्र हलवतंय, मी म्हणते. वाक्य सातवं.
'हात गरम लागते.'
वाक्य आठवं.
'सकाळी उपाशीच निघाला होता.
आता भूक लागत असन का त्याले?'

नववं वाक्य वेगळंच होतं.
कूलरचा पंप घरघरत राहिला.
मॅडमनी मला सोडवलं नाही.
'नाही काका,' मी म्हणाले, 'आता लागत नाही.'
आणि पुढचं सगळं विसरले.
दहापैकी सहा.

नंतर जिन्यात भाऊ, न पेटवलेली बिडी धरून.
'आमाले कोनं शिकवलं होतं?
गाडीचं दार लावाचं, काच थोडी खाली कराची, बस.'
चिठ्ठी अजून त्यांच्या खिशात होती.
ती त्यांनी परत केलीच नाही.

*

मे महिना. अजनीजवळचं हॉस्पिटल, पहाटेचे तीन.
तेव्हाही भिंत तापलेली.
सुषमा वैरागडे, एकतीस.
मी नाव घेतलं. खुर्ची तिरपी केली.
'मृत्यू' म्हणाले, पूर्ण, जोडाक्षरासकट.

आईनं अर्ज वाचला. खरंच वाचला,
बोट ओळीखालून सरकवत, छापलेल्या पत्त्यापर्यंत.
मग त्याची चौघडी केली,
पदराच्या टोकानं माझं पेन पुसून माझ्या हातात दिलं.
'तुमी चांगल्या बोलल्या, बाई.
पन नाही.'

मला माहीत होतं, शहरात कुठेतरी
एक माणूस फोन उशाशी घेऊन झोपलाय,
पाणी मोजून पितो, आठवड्यातून तीनदा सुई.
ते मी बोलले नाही.
ते बोलायचं नाही, हेही शिकवलेलं.

नोंद केली: वेळ ३.४०. निर्णय: नकार.
'कारण' हा रकाना कोरा ठेवला.
मॅडमचा फोन आला. त्यांनी एवढंच विचारलं,
पाणी दिलंस का त्यांना?
दिलं होतं. अर्धा ग्लास प्यायल्या.
उरलेला माझ्याकडे सरकवून म्हणाल्या,
'तुमी तरी जेवल्या का कायी?'

मी नाही म्हणाले.
खरं तेच होतं.

मग आम्ही दोघी आयसीयूबाहेरच्या ढिगात
त्यांच्या चपला शोधत बसलो.
एक लगेच सापडली.
दुसरीसाठी मी बाकाखाली वाकले,
हात आणखी आत घातला.