एकशे दहा

सत्तावीस वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती,
द्राक्षांच्या क्रेटांमागे, हँडलला फवारणीचा पट्टा अडकवून.
शोगन. म्हणजे सांगाडाच: दिवे नाहीत, मडगार्ड चिरलेलं,
पाटीवर सतरा नंबर, त्यातला सात अर्धा उडालेला.
किक मारली तर पाय खाली गेलाच नाही.

इंजिन उतरवून अंबडला नेलं.
जिथे आठ तास दुसऱ्यांच्या डाया घासतो
त्याच व्हाइसवर, सेकंड शिफ्ट सुटल्यावर.
हेडचे चार नट. तिसरा अडून बसला.
त्याला डिझेल पाजलं, रात्रभर थांबलो,
सकाळी कुरकुरत आला.

सिलिंडर वर ओढला.
पिस्टनच्या माथ्याला भोक, करंगळी जाईल एवढं,
कडा वितळून आत वळलेल्या,
एक्झॉस्टकडच्या भिंतीला ॲल्युमिनियम फासलेलं.
ही जखम मला वाचता येते.
तेल कमी पडलं असतं तर चहूबाजूंनी ओरखडे असते.
हे उपाशी मेलंय. हवा जास्त, पेट्रोल कमी.

आणि मी सांगत आलो होतो:
पेठ रोडचं मैदान, शेवटून दुसरी फेरी, मी पुढे,
उंचवट्यावरून उडालो आणि गाडी हवेतच गप्प झाली,
रुंजानं बोअर टाइट ठेवला होता.
लग्नात सांगितलं. दहाव्याला सांगितलं.
रुंजा पलीकडच्या पंगतीत जेवत असताना सांगितलं.

कारबोरेटरची वाटी हिरवी, तळाला लाखेसारखा थर.
मेन जेट थिनरमध्ये भिजवला, पुसला,
भिंगाखाली धरला.
एकशे दहा.

रुंजानं एकशे तीसचा बसवला होता.
आदल्या रात्री, टॉर्च दातात धरून, एकशे दहाचा कुणी घातला
ते त्या पितळेच्या दाण्याला ठाऊक होतं, आणि मला.
बारीक जेटनं वरची ओढ वाढते, असं कुणीतरी म्हणालं होतं.
विसरलो नव्हतो.
तेही शेडमध्येच ठेवलं होतं, क्रेटांमागे.

पाथर्डी फाट्याला रुंजा गांगुर्डेचं शटर आता अर्धंच उघडतं.
बोअरिंगची मशीन तीच. चष्मा जाड झालाय.
सिलिंडर ठेवला. पिस्टन ठेवला.
जेट खिशात होता, तो निघायला वेळ लागला.
त्यानं आकडा वाचलासुद्धा नाही.
"दुसऱ्या दिवशी वाटी मीच खोलली व्हती.
पाह्यला, अन् व्हता तसा लावला.
बोल, पन्नास पॉइंट मारू का शंभर?"

पन्नास, मी म्हणालो. एवढाच आवाज निघाला.

मग महिनाभर आम्ही फक्त मापं बोललो.
होनिंगच्या तिरक्या रेघा, बोटाला जेमतेम लागणाऱ्या.
क्रँकच्या बेअरिंगा नव्या, सील नवे,
फायबरच्या रीडा कोल्हापूरहून.
एक्झॉस्टचं तोंड एक मिलीनं वर घेतलं.
मला दोन हवं होतं.
त्यानं ग्राइंडरची पिनच उपसून खिशात घातली.
हेडखाली सोल्डरची तार चेपून मोजली: एक पॉइंट दोन.
"ऱ्हाऊ दे."
सायलेन्सरचं पोट त्यानं पत्रा कापून, शंकू वळवून, सांध्याला सांधा जोडत केलं,
आणि त्या दिवशी चहाचे पैसे मला देऊ दिले.

चामरलेण्याच्या पायथ्याला, सकाळी सातला.
लिटरला चाळीस मिली तेल,
मण्यांना जीए देताना वापरतो त्याच कपानं मोजलेलं.
सहाव्या किकला खोकली.
सातव्याला निळा धूर, आणि तो आवाज,
पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखा, मग एकदम ताणलेला.
फुल थ्रॉटल, वर, आणखी वर,
क्लच दाबून तिथेच बंद केली, ढकलत आणली.

रुंजानं गरम प्लग फडक्यात धरला, उन्हात फिरवला.
"चहा झाला. दूध जरा जास्तीय."
डबीतून एकशे पस्तीसचा जेट काढून माझ्या तळहातावर ठेवला,
वर स्क्रू ड्रायव्हर.
"तूच टाक.
माझ्यासमोर."