हातमोजा

नोएमी, तू विचारलंस, जागा मिळाली का.
घर तर पहिल्याच आठवड्यात मिळालं:
नळाला गरम पाणी, खिडकीला दोन-दोन काचा,
दाराशी कमरेइतका बर्फ.
पण तू घराचं विचारत नव्हतीस,
ते कळलं मला.

विनिपेगमध्ये आम्ही शनिवार-शनिवार हिंडलो,
कलिंगड ठोकून बघावं
तशी एकेक सिनेगॉग ठोकून बघत.

पहिलं देखणं.
रंगीत काचांतून निळा उजेड बाकांवर सांडलेला,
गाणाऱ्याचा गळा असा
की माझंच तोंड आपोआप मिटलं.
उरिएलने मध्येच विचारलं, चांगलं मोठ्यांदा,
"इथे देवाला थंडी नाही वाजत?"
चार माना वळल्या.
सोमवारी टपालाने वर्गणीचा तक्ता आला.

दुसऱ्यात जायचं ते पायी.
शब्बाथला तिथे कुणी गाडी काढत नाही.
आम्ही दोन गल्ल्या अलीकडे गाडी लावली
आणि चोरासारखे चालत गेलो.
माणसं प्रेमळ, खरंच. हाताला धरून जेवायला बसवलं.
पण मी जाळीच्या पडद्याआड, रुबेन पलीकडे,
आणि मिकाएला मधल्या दारात,
आठ वर्षांची,
कुठल्या बाजूची ते न ठरलेली.
परतताना म्हणाली, "मला तोरा दिसलीच नाही."
रुबेन गप्प.
तिथले सूर त्याच्या वडिलांचे होते.
त्या रात्री आम्ही भांडलो.
निमित्त, सूपात मीठ कमी.

तिसऱ्यात गिटार होती.
तिसऱ्याबद्दल एवढंच.

चौथं म्हणजे पूर्वीची लाँड्री.
भिंतीतले पाइप प्रार्थनेच्या मधोमध ठकठक करतात,
माणसं मोजून तेवीस, निम्म्यांना खोकला.
आम्ही सहाव्या ओळीत बसलो.
काठी टेकत एक म्हातारी आली, फ्रूमा झेल्डिन.
"ही खुर्ची हर्शची."
आम्ही उठलो, मागे सरकलो.
"हर्श कधी येणार?" उरिएल.
"अकरा वर्षं झाली त्याला जाऊन," ती म्हणाली
आणि शेजारच्या खुर्चीत बसली.
हर्शची रिकामीच राहिली.

तोरा फिरत फिरत आली तेव्हा मिकाएलाने
पुस्तकाचा कोपरा तिला टेकवला, ओठांना लावला.
कुणी विचारलं नाही, ही कोणाची.

शेवटचं स्तोत्र त्यांनी भलत्याच चालीत धरलं.
मी आपली खालच्या पट्टीत
रोसारिओची चाल गुणगुणत राहिले,
आजोबा म्हणायचे ती, मधेच लंगडणारी.
फ्रूमाने मान वळवली.
झालं, म्हटलं, आता ही झाडणार.
"पुन्हा," ती म्हणाली. "सावकाश.
मला कमी ऐकू येतं."

पुढच्या शनिवारी उणे एकतीस.
गाडीने मान टाकली, बस चुकली,
पोचलो तेव्हा अर्धी प्रार्थना उरकलेली.
हर्शच्या खुर्चीवर एक तपकिरी हातमोजा.
कुणीतरी बसायला आलं होतं, तिने हाकललं होतं,
हे मला नंतर कळलं.
आमच्याकडे न बघताच तिने हातमोजा उचलला.
"बस," उरिएलला म्हणाली,
"तोही धड बसायचा नाही एका जागी."

रुबेनचं अजून मन होत नाही.
इथले सगळे बेसूर, म्हणतो, आणि ते खरंच आहे.
येतो मात्र. दाराजवळ उभा राहतो, कोट न काढता.

तर नोएमी, जागेचं म्हणशील
तर एक खुर्ची मिळाली आहे.
आम्ही चौघं आहोत.
बघू.